नेट नसलेली सुरत

२५ ऑगस्ट २०१५ रोजी अहमदाबादच्या जीएमडीसी मैदानावर आरक्षणाच्या मागणीसाठी पाटीदारांची प्रचंड सभा झाली. संध्याकाळी आंदोलनाचे नेते हार्दिक पटेल यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि रात्रीत गुजरात पेटलं. सुरतेत पाटीदारांची दाट वस्ती असलेल्या भागांत जाळपोळ झाली, काही ठिकाणी संचारबंदी लागली. त्याच वेळी मोबाईलवरचं इंटरनेट बंद करण्यात आलं. फोन लागत होते, व्हॉट्सअ‍ॅप मात्र मुकं झालं होतं. १९ सप्टेंबरला हार्दिक पटेल यांना सुरतेतच, वराछात ताब्यात घेतलं गेलं, तेव्हा नेट पुन्हा गेलं.

बंद झालं ते मोबाईलवरचं नेट. घरात तारेने आलेलं ब्रॉडबँड चालू होतं. ऑगस्टच्या बंदीविरुद्ध गौरव व्यास याचिका घेऊन गुजरात उच्च न्यायालयात गेले. १५ सप्टेंबरला न्यायालयाने याचिका फेटाळली. ब्रॉडबँड आणि वायफाय सुरू होतं, म्हणजे सगळा संपर्क तुटला नव्हता, ही गोष्टही न्यायालयाने लक्षात घेतली. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

ब्रॉडबँडचा हा आधार ज्यांच्या घरात तार आली होती त्यांच्यापुरता होता. सुरत मात्र बाहेरून आलेल्या हातांवर चालणारं शहर आहे. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांमध्ये धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं राहतात. तिथे अहिराणी कानावर पडते आणि निवडणुकीला मराठी आडनावांचे उमेदवार निवडून येतात. लूमवर किंवा मिलमध्ये पाळी करून खोलीवर परतणाऱ्या कामगाराकडे राउटर कुठून असणार? त्याच्यासाठी खिशातला मोबाईल हेच घरचं इंटरनेट. हिरे घासायच्या घंटीवर बसणाऱ्या सौराष्ट्रातल्या रत्नकलाकाराचीही तीच गत. बंदी सर्वांना सारखी लागू होती, झळ मात्र ज्याच्याकडे कमी त्याला जास्त बसली.

बंदीमागचं सरकारचं कारण अफवांचं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण अफवांबद्दलचा दुसरा धडा सुरतेलाच त्याच्या एकवीस वर्षं आधी मिळाला होता. सप्टेंबर १९९४ मध्ये शहरात प्लेगची बातमी फुटली. तेव्हा देशात ना मोबाईल होता, ना सामान्य माणसासाठी इंटरनेट. ते आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. तरीही काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. पाण्यात विष कालवलं आहे, अशीही वदंता उठली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं, अनेक खासगी डॉक्टर दवाखाने बंद करून निघून गेले. खान्देशाकडे जाणाऱ्या, ताप्तीच्या खोऱ्यातून भुसावळपर्यंत पोचणाऱ्या रेल्वेमार्गावर माणसांबरोबर भीतीही प्रवास करत होती. त्या दिवसांत लोकांना हवी होती ती विश्वास ठेवावा अशी माहिती, आणि ती वेळेवर देणारं कुणी समोर येत नव्हतं. २०१५ मध्ये वाहिनी बंद करून भागेल असं मानलं गेलं. १९९४ची सुरत आठवली असती, तर खरी बातमी पोचवण्याची घाई आधी झाली असती.

मराठी वाचकाला आणखी मागचं आठवेल. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर चालून येणारे शिवाजी महाराज गणदेवीपर्यंत आल्याची बातमी सुरतेत पोचली, तेव्हा शहराच्या हातात जेमतेम एक दिवस उरला होता. वाटेत विचारणाऱ्यांना, हा दरबाराकडे निघालेला एक राजा आहे, असं सांगितलं जात होतं, अशी नोंद फ्रेंच प्रवासी बर्निये करतो. सुभेदार इनायतखानाने किल्ल्यात आसरा घेतला. शहरातल्या धनाढ्य व्यापारी विरजी व्होराच्या पेढीचे धागे परमुलखापर्यंत गेले होते, पण वीस-तीस मैलांवरून येणारं सैन्य मात्र कुणाला वेळेत कळलं नाही.

याच शहरात माल आणि निरोप पोचवण्याची एक भक्कम व्यवस्थाही चालते, ती म्हणजे आंगडिया. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात आजही भर रस्त्यावर उभं राहून, कागदाच्या पुडीतले हिरे पारखले जातात. तो माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पोचवतो आंगडियाचा माणूस, रेल्वेने, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीच्या जोरावर. या व्यवस्थेचे काळे कोपरेही आहेत. रोकड फिरवल्याबद्दल तिच्यावर छापे पडत आले आहेत. तरीही एखादा हिरेव्यापारी नेट नसताना मुंबईला माल पाठवू शकतो, ही सोय साधी नाही.

कामगाराकडे मात्र अशी दुसरी वाट उरलेली नाही. २०१५ मध्ये नेट गेलं तेव्हा यूपीआय जन्माला यायचं होतं. ते एप्रिल २०१६ मध्ये आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. पाहता पाहता किराणा, चहा, रिक्षा, गावी पाठवायचे पैसे, सगळं एकाच फोनमध्ये गेलं. यात हजार सोयी आहेत. गावी पैसे पोचायला पूर्वी मनीऑर्डरची वाट पाहावी लागे, ती वाट पाहणं कुणाला परत हवं आहे? पण सवयी बदलताना जुनी वाट मोडून टाकायची गरज नव्हती. घरात थोडी रोकड, चार नंबर पाठ, दाराशी येणारं वर्तमानपत्र एवढं तरी ठेवता आलं असतं. सुरतेचं ‘गुजरातमित्र’ १८६३ पासून निघतं आहे. २०१५च्या त्या दिवसांत ते उघडायला डेटा लागत नव्हता.

नेटबंदी ही एकट्या गुजरातची गोष्ट नाही. २०१७ मध्ये केंद्राने दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम केले. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश जाहीर करावे लागतील आणि बेमुदत बंदी चालणार नाही. २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या काही भागांत मोबाईल नेट थांबवलं गेलं, तेव्हा अडकले ते संदेश आणि व्यवहार दोन्ही. असा आदेश कुणी, कोणत्या कारणाने आणि किती तासांसाठी काढला, हे विचारण्याचा हक्क आता लिंबायतच्या कामगाराला आहे आणि बीडच्या दुकानदारालाही.