वऱ्हाडचे जुने दफ्तर

श्रोतेहो, आपल्या वऱ्हाडात वार्ताहरकी शिकणारी मुले आता पुष्कळ झाली आहेत. अमरावतीला तर भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्रच २०११ साली सुरू झाले. ही मुले, तालुक्याचे वार्ताहर आणि गावचा इतिहास फळ्यावर लिहून देणारे आमचे गुरुजी, या तिघांची अडचण एकच. माहिती आणायची कोठून? पूर्वी त्यासाठी मुंबई-नागपूरच्या दफ्तरखान्यांत खेटे घालावे लागत. आता त्यांतले बरेचसे कागद खिशातल्या मोबाइलवर उघडतात. उघडतात खरे, पण कागद हाती आला म्हणजे खरी गोष्ट हाती आली, असे मात्र नाही. आज आपण थोडे त्याविषयी बोलू.

पहिले पुस्तक म्हणजे गॅझेटियर. आल्फ्रेड लायल नावाच्या अंमलदाराने १८७० साली सबंध वऱ्हाडचे गॅझेटियर तयार केले. पुढे अकोला जिल्ह्याचे १९१० साली आणि अमरावतीचे १९११ साली निघाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर आपल्या सरकारने अमरावतीचे १९६८ मध्ये व अकोल्याचे १९७७ मध्ये नवे काढले. ही पुस्तके आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात. भाषा बहुतेक इंग्रजी. पण गुरुजी, आपण वर्गात एक पान मराठीत सांगितले तरी पोरे कान टवकारतील.

आता या पुस्तकांतला एक आकडा पाहा. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पाचशे मैलांवर मिर्झापूरला जाई. १८४२ साली अमरावतीच्या एकट्या व्यापाऱ्याने असे एक लाख बैल भरून कापूस पाठवला, असे इंपीरियल गॅझेटियरमध्ये आले आहे. वाचून छाती फुगते, नाही का? पण जरा हिशेब करू. एका बैलाला चालायला दहा फूट जागा धरली, तर लाख बैलांची रांग दहा लाख फूट, म्हणजे सुमारे १९० मैल होते. अमरावतीहून निघालेला पुढचा बैल नागपूरला शिवून परत येईल, तेव्हा कोठे शेवटचा बैल गावाबाहेर पडेल! तांडे हंगामभर निघत असतील तर हे अगदीच अशक्य नाही. पण मूळ लेखकानेसुद्धा ही गोष्ट ऐकीव म्हणूनच दिली आहे. पुढे उतारे होत गेले, त्यांत ‘म्हणतात’ हा शब्द गळाला आणि ऐकीव गोष्टीचे पुराव्यात रूपांतर झाले. वार्ताहराने तो गळालेला शब्द शोधून परत जागेवर बसवावा. एवढे केले तरी त्याचे निम्मे काम झाले म्हणा.

दुसरी गंमत नावांची. कोणी म्हणेल, आमच्या अडगावचे जुन्या कागदांत काहीच सापडत नाही. सापडेल कसे? तेल्हारा तालुक्यातल्या या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्ली याच्या कागदांत त्या गावाचे नाव ‘अर्गॉम’ असे पडले आहे. त्यानंतर पंधरवड्याने, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. तोही त्यांच्या स्पेलिंगात ओळखू येत नाही. अचलपूरचे एलिचपूर, अमरावतीचे कधी ‘अमरावटी’ तर कधी ‘ऊमरावटी’. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या पऱ्हाटीच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, ते याच नावावरून. तेव्हा साहेबाच्या कानाला आपले गाव कसे ऐकू आले असेल, याचा अंदाज करून तीन-चार तऱ्हांनी नाव घालून पाहावे. कुलूप तेच असते, किल्ली तेवढी वाकडी लागते.

खानेसुमारीचे जुने तक्तेही आता मिळतात. आकडे कोरडे असतात असे आपण म्हणतो. पण हे पाहा : १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ साली ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत माणसे वाढायची ती १,४३,४७५ ने घटली. मधल्या काळात १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. दुसऱ्याला आपले म्हातारे ‘छप्पन्या’ म्हणत, कारण तो विक्रम संवत १९५६ चा. त्या काळचे एखादे गाऱ्हाणे तुम्हाला सापडो न सापडो, ही एक वजाबाकी पुरे आहे.

मात्र जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करताना फार जपावे. १९०५ साली वऱ्हाडचे जिल्हे नव्याने बांधले गेले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिळाला. वाशीम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ यांच्यात वाटला गेला. पुढे १९९८ साली अकोल्यातून वाशीम पुन्हा निराळा निघाला. ज्याला हे ठाऊक नाही तो १९९१ आणि २००१ चे आकडे शेजारी मांडतो आणि ‘अकोला जिल्ह्याची लोकसंख्या घटली’ असा मथळा देतो. माणसे कोठेच गेली नाहीत हो, सीमा तेवढी सरकली!

अशीच एक, पण फार जड गोष्ट शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांची. पोलिसांच्या नोंदींवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे काढतो. महसूल खाते २००१ पासून आपली यादी वेगळी ठेवते, आणि तीत मदतीला ‘पात्र’ व ‘अपात्र’ असे दोन भाग असतात. एका दफ्तरात ज्याला शेतकरी म्हटले, त्याच्याच घराला दुसऱ्या दफ्तरात अपात्र म्हणता येते. म्हणून आकडा छापताना तो कोणत्या दफ्तराचा, आणि त्यात अपात्र धरले आहेत की नाहीत, हे वाचकाला सांगितलेच पाहिजे. हा आकडा मागण्याचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने गावच्या कोणाही माणसाला आहे. त्याला वार्ताहर असण्याची गरज नाही.

आता माझ्या आवडीचे दफ्तर. एकोणिसाव्या शतकात अकोल्याहून ‘वऱ्हाड समाचार’, ‘वैदर्भ’ आणि अमरावतीहून ‘प्रमोदसिंधु’ अशी पत्रे निघत. त्यांचे जुने अंक आज फार दुर्मिळ आहेत. कागद हलका, वाळवी पुष्कळ आणि रद्दीवाला दारात उभा. तरी त्यांचे काही शब्द उरले, ते कोणामुळे? सरकारमुळे! देशी पत्रे काय लिहितात यावर नजर ठेवण्यासाठी इंग्रज सरकारने अनुवादक नेमले होते. ते दर आठवड्याला उतारे काढून इंग्रजीत सारांश करीत आणि तो गुप्त अहवाल वरिष्ठांकडे जाई. १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्याने तर संपादकांच्या मुसक्याच बांधल्या; १८८२ साली तो कायदा रद्द झाला, पण अहवाल चालूच राहिले. जे धाक घालण्यासाठी लिहिले, तेच आपले रक्षण करून बसले. हे अहवाल आता ‘साउथ एशिया ओपन अर्काइव्ह्ज’ या संग्रहात घरबसल्या पाहता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानेही २०१५ साली ‘अभिलेख पटल’ हे दालन उघडले आहे.

पण वाचताना ध्यानात असू द्या, की हे उतारे निवडणारा सरकारी नोकर होता. सारा, जंगल, अंमलदाराची अरेरावी यांवरची टीका त्याने टिपली. बाजाराचा भाव, नाटकाची जाहिरात, कोणाच्या विहिरीला पाणी लागले, हे त्याला काय कामाचे? ते सगळे गेले. त्यामुळे या अहवालांतला वऱ्हाडी माणूस सदा रागावलेलाच दिसतो.

मराठीतच वाचायचे असेल तर डॉ. केतकरांचा ज्ञानकोश आहे. केतकरांचे शाळेचे दिवस अमरावतीत गेले, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगा. १९२० ते १९२९ या काळात निघालेले त्याचे २३ भाग आता संगणकावर आले आहेत. यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ चा. तोही सोबत ठेवावा.

आणि जे अजून कोणत्याच यंत्रावर आलेले नाही, ते आपल्याच तालुक्यात आहे. वाचनालयाच्या माळ्यावर साप्ताहिकांचे गठ्ठे असतात, शाळेच्या कपाटात दाखलखारीज रजिस्टर असते, एखाद्या वाड्यात जिनिंगच्या जमाखर्चाच्या मोडी वह्या असतात. पावसाळा लागण्यापूर्वी एकदा ते गठ्ठे उन्हात घाला, वर वर्ष लिहा, आणि मुलांपैकी कोणाकडे चांगला मोबाइल असेल त्याला पानांची छायाचित्रे घ्यायला बसवा. पहिले पान घेताना पत्राचे नाव आणि तारीख दिसली पाहिजे, एवढे तेवढे बघा जी.