चौधरी
खानदेशात, म्हणजे जळगाव-धुळे परिसरात, सर्रास आढळणारे, मुळात पदवाचक असलेले आडनाव. संस्कृत ‘चतुर्धुर’ किंवा ‘चतुर्धुरीण’ या शब्दांपासून ते आले, अशी व्युत्पत्ती सर्वाधिक मान्य आहे. धुर म्हणजे जू, ओझे. चारही बाजूंचा भार वाहणारा तो चौधरी. पूर्वी गावाचा, जातीचा किंवा एखाद्या धंद्याचा प्रमुख या नावाने ओळखला जाई. पद गेले, नाव घराण्याला चिकटले. म्हणूनच लेवा पाटीदार, तेली अशा निरनिराळ्या समाजांत ते आढळते. केवळ आडनावावरून जात ठरवणे चुकीचे.

या आडनावाच्या सर्वपरिचित कवयित्री बहिणाबाई (१८८०–१९५१) माहेरच्या असोद्याच्या महाजन. महाजन हेही मोठेपणाचेच नाव. लग्नानंतर त्या जळगावच्या चौधरी झाल्या. लिहितावाचता न येणाऱ्या या शेतकरी स्त्रीने घरोटावर, म्हणजे जात्यावर, दळताना ओव्या रचल्या; मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी त्या उतरवून घेतल्या. आडनावाला खरे तेज बहिणाबाईंनीच दिले. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी हे १९३६च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाचे प्रमुख संयोजक. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.