लिफ्टच्या दारावरची तुळई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उंच इमारतीत आपण लिफ्टची वाट पाहत उभे असतो, तेव्हा बऱ्याचदा दाराच्या वर, प्लास्टरच्या आड, काँक्रीटची एक आखूड आणि जाड तुळई असते. लिफ्टच्या भोवतीच्या काँक्रीटच्या भिंती पायापासून गच्चीपर्यंत जातात. वारा आणि भूकंप यांचे आडवे धक्के सोसणं हे त्यांचं काम. अभियंते त्यांना शिअर वॉल म्हणतात. मजल्यामजल्यावर दारासाठी जागा सोडली, की एका भिंतीच्या दोन होतात. त्या दोघींना बांधून ठेवते ती ही तुळई. तिला कपलिंग बीम म्हणतात. आपण जोडतुळई म्हणू.

२७ मार्च १९६४, गुड फ्रायडेची संध्याकाळ. अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि जमीन चार मिनिटांहून अधिक काळ हलत राहिली. अँकरेज शहरात एकाच आराखड्यावर बांधलेल्या चौदा मजली दोन इमारती होत्या. दोन्ही उभ्या राहिल्या. पण त्यांच्या बाहेरच्या भिंतींत, खालच्या आणि वरच्या खिडकीच्या मधल्या आखूड तुळयांवर, अनेक मजल्यांवर एकच खूण उमटली होती : भली मोठी फुली. भिंती एका बाजूला झुकल्या की तुळई एका कर्णाच्या दिशेनं ताणली जाते, दुसऱ्या बाजूला झुकल्या की दुसऱ्या. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून आधी एक तिरकी भेग पडते, मग तिला छेदणारी दुसरी.

त्या काळचा उपाय सरळ होता : वर-खाली आडव्या सळ्या वाढवा, रिंगा जवळ जवळ बांधा. हा उपाय पुरेसा आहे का, हे न्यूझीलंडमध्ये एका माणसानं तपासायला घेतलं. टॉम पॉले मूळचे हंगेरीचे, जन्म १९२३चा, तरुणपणी घोडदळातले अधिकारी. १९४८ साली त्यांनी देश सोडला, जर्मनीमार्गे १९५१ मध्ये न्यूझीलंड गाठलं. काही वर्षं प्रत्यक्ष बांधकामांची संकल्पनं केली आणि मग ते क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात शिकवू लागले. जोडभिंतींवरच्या संशोधनासाठी १९६९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

प्रयोगशाळेत त्यांनी जोडतुळया उलटसुलट ढकलून मोडून पाहिल्या. नेहमीच्या लांब तुळईत एका बाजूच्या सळ्या ताणात असतात, दुसरी बाजू दाबात. आखूड जाड तुळईत तिरक्या भेगा पडल्यावर वरच्या आणि खालच्या, दोन्ही सळ्या जवळजवळ पूर्ण लांबीभर ताणात जातात, असं त्यांना दिसलं. रिंगा कितीही वाढवल्या, तरी शेवटी तुळई टोकाशी घसरून निकामी होई. तेव्हा त्यांनी सळ्यांची दिशाच बदलली. सळ्यांचे दोन जुडगे एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, तिरके ठेवले. इमारत इकडे झुकली की एक जुडगा ताणात, दुसरा दाबात. तिकडे झुकली की उलट. भूकंपानं काढलेली फुली पॉले यांनी लोखंडात आधीच काढून ठेवली. दाबातली सळई वाकून बाहेर पडू नये म्हणून जुडग्याला रिंगांनी आवळलं. अशी तुळई पुन्हा पुन्हा वाकली, पण तुटली नाही.

दरम्यान, २३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानं उद्ध्वस्त झाली. हजारो माणसं गेली. बँको दे अमेरिका ही अठरा मजली इमारत मात्र उभी राहिली. टी. वाय. लिन यांनी तिच्या मध्यभागी काँक्रीटच्या भिंतींचे चार गाभे तुळयांनी जोडले होते. भूकंपात त्या तुळया तडकल्या, चारही गाभे सुटे डोलू लागले आणि धक्क्याचा जोर निभावला. मोठ्या धक्क्यात असंच घडावं, हा हिशेब लिन यांनी आधीच केला होता.

इथंच विचार पालटला. काहीच मोडू नये, हा हट्ट सुटला. काय मोडू द्यायचं हे आधी ठरवा. तिथं सळ्या अशा बांधा की तो भाग वाकत राहील आणि धक्क्याची ऊर्जा जिरवेल. बाकीचे भाग त्याहून मजबूत ठेवा. जोडतुळई मोडली तर चालेल, खांब मोडता कामा नये.

भारतीय मानक ब्युरोच्या १९९३च्या आयएस १३९२० या मानकात हा विचार उतरला. जोडतुळईवरचा ताण मर्यादेबाहेर जात असेल, तर शक्यतो तिरक्या सळ्या घाला. प्रत्येक कर्णावर ८ मिलिमीटरच्या किमान ४ सळ्या हव्यात, असं त्यात सांगितलं होतं. पण २६ जानेवारी २००१च्या भूकंपात, भूजपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. तिथं प्रश्न मुख्यतः खांबांचा होता. मानकातल्या रिंगा अनेक खांबांत पोचल्याच नव्हत्या. तिरक्या जुडग्यांचं काम तर त्याहून किचकट. भिंतीच्या उभ्या सळ्यांच्या गर्दीतून ते ओवावे लागतात. नकाशात दोन रेषा; साइटवर फिटरचा दिवस जातो.

पॉले २००९ साली गेले. २२ फेब्रुवारी २०११ रोजी त्यांच्याच क्राइस्टचर्चमध्ये भूकंप झाला, १८५ माणसं मेली. त्यांतली ११५ सीटीव्ही या एकाच इमारतीत. तिच्या दक्षिणेला जोडभिंत होती, तरी ती पडली. खांबांना वाकण्याची ताकद नव्हती, तुळई-खांबांचे सांधे कच्चे होते, असं चौकशी आयोगाला आढळलं. ज्या गावात हे शास्त्र वाढलं, तिथं १९८० नंतर बांधलेल्या इमारतीत ही त्रुटी राहून गेली. उभ्या राहिलेल्या अनेक इमारतीही नंतर पाडाव्या लागल्या. पण त्यांतली माणसं बाहेर आली होती.

मुंबई-पुण्यात आज टोलेजंग इमारती उठत आहेत. त्यांच्या जोडतुळयांत सळ्या कशा बांधल्या आहेत, हे काँक्रीट ओतण्याआधीच डोळ्यांनी पाहता येतं. त्यानंतर ते कुणालाच दिसत नाही. म्हणून सळईकामाची तपासणी नुसत्या सहीपुरती होऊ नये, हा या साऱ्या इतिहासाचा रोकडा धडा आहे.