खुर्जीतली वही

केंटकी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, अॅपलाचियन डोंगरांच्या घळींमध्ये, लेस्ली परगणा आहे. १९२५ साली तिथे ना मोटारीचा रस्ता होता, ना आगगाडी. सुमारे दहा हजारांची वस्ती ओढ्यांच्या काठाने विखुरलेली होती आणि पाणी चढले की वाट बंद होई. बाळंतपण गावच्या सुईणीच्या हाती. डॉक्टर हवा असेल तर घोड्यावरून डोंगर ओलांडायचा. त्या वर्षी या मुलखात घोड्यांवरून फिरणाऱ्या नर्सची एक संस्था उभी राहिली. २०२५ मध्ये तिला शंभर वर्षे झाली. नर्सने डॉक्टरला कधी विचारायचे, औषध कोणाच्या सहीने द्यायचे, यावर अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत आजही वाद झडतात. त्या वादाची बहुतेक वळणे या एका संस्थेच्या वाटचालीत सापडतात.

संस्थापक मेरी ब्रेकिनरिज या बड्या घरातल्या. आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष, वडील काँग्रेसचे सदस्य आणि पुढे रशियातले अमेरिकेचे राजदूत. पहिला नवरा १९०६ मध्ये वारला, त्यानंतर त्या न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात नर्सिंग शिकल्या. दुसऱ्या लग्नातून झालेली मुलगी १९१६ मध्ये जन्मल्यावर काही तासांतच गेली. मुलगा ब्रेकी १९१८ च्या जानेवारीत, चार वर्षांचा असताना गेला. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये त्या मदतकार्याला गेल्या आणि तिथे त्यांना ब्रिटिश नर्स-मिडवाइफ भेटल्या. रुग्णाची शुश्रूषा आणि बाळंतपण ही दोन्ही कामे एकच बाई करते, हे त्यांनी तिथे पाहिले. अमेरिकेत तशी व्यवस्था नव्हती. १९२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी केंटकीच्या डोंगराळ परगण्यांत घोड्यावरून हिंडून सुईणींच्या भेटी घेतल्या. मग लंडनला जाऊन त्या स्वतः मिडवायफरी शिकल्या.

लंडनचे शिक्षण महत्त्वाचे होते, कारण ब्रिटनने हा प्रश्न कायद्याने हाताळायला आधीच सुरुवात केली होती. १९०२ च्या मिडवाइव्ज अॅक्टने मिडवाइफला कायद्याची ओळख मिळाली आणि तिच्यासाठी नियम झाले. ठरलेल्या लक्षणांपैकी एखादे दिसले की तिने डॉक्टरला बोलावलेच पाहिजे. पण आलेल्या डॉक्टरची फी कोणी द्यायची? गरीब घरातून ती मिळत नसे, म्हणून काही डॉक्टर यायचे टाळत. १९१८ च्या कायद्याने तो भार स्थानिक प्रशासनावर टाकला. मिडवाइफने बोलावले म्हणून आलेल्या डॉक्टरला सरकारी पैसे मिळू लागले. सहकार्याचा नियम करताना येण्याजाण्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हेही त्याच नियमात लिहावे लागते. पुढच्या अनेक कायदेकर्त्यांना याचा विसर पडला.

२८ मे १९२५ रोजी केंटकीच्या राजधानीत, फ्रँकफर्टला, संस्था स्थापन झाली. १९२८ पासून तिचे नाव फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस. एडना रॉकस्ट्रो आणि फ्रेडा कॅफिन या दोघी पहिल्या साथीदार, त्याही लंडनमध्ये मिडवायफरी शिकून आलेल्या. हायडन गावाजवळ वेंडोव्हर येथे लाकडी ओंडक्यांचे मोठे घर बांधले, १९२८ मध्ये हायडनला छोटे रुग्णालय झाले. हळूहळू सहा ठाणी उभी राहिली आणि सुमारे ७०० चौरस मैलांचा मुलूख संस्थेने अंगावर घेतला. घरटी वर्षाला एक डॉलर आणि बाळंतपणाचे पाच डॉलर, अशी फी होती. रोख नसेल तर चारा, कोंबड्या, कुंपणाचे काम, काहीही चाले.

बाळंतपणाला निघालेल्या नर्सच्या घोड्यावर चामड्याची खुर्जी असे. तिच्यात उपकरणे, औषधे, स्वच्छ कापड आणि एक छापील पुस्तिका. मला या सगळ्या इतिहासात त्या पुस्तिकेचे मोल सर्वात मोठे वाटते. तिला मेडिकल रूटीन्स म्हणत. लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांची एक सल्लागार समिती संस्थेने नेमली होती. त्या डॉक्टरांनी नर्सशी बोलून ती लिहिली आणि स्वतःच्या जबाबदारीवर दिली. कोणत्या लक्षणाला काय करायचे, कोणती औषधे नर्स आपण होऊन देऊ शकते, रक्तस्राव थांबत नसेल, झटके आले तर पहिल्यांदा काय, आणि कोणत्या वेळी डॉक्टरकडे माणूस पाठवलाच पाहिजे, हे सारे तिच्यात होते. रात्री दोन वाजता, ओढ्यापलीकडच्या झोपडीत, डॉक्टर लांब असताना त्याचे शहाणपण मात्र नर्सजवळ असे.

आणि हे पुस्तक एकटे नव्हते. हायडनच्या रुग्णालयात पुढे संस्थेचा स्वतःचा डॉक्टर बसू लागला. १९३१ ते १९४३ या काळात डॉ. जॉन कूसर वैद्यकीय संचालक होते. ठाण्यावरच्या नर्सने निरोप पाठवला की डॉक्टर निघत. म्हणजे लेखी अधिकार, लेखी मर्यादा आणि हाकेला येणारा माणूस, अशी तिन्ही अंगे एका व्यवस्थेत होती.

निकाल हिशोबाने पाहिले गेले. पहिल्या हजार बाळंतपणांची नोंद मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी तपासली. बाळंतपणाच्या थेट कारणाने एकही आई दगावली नव्हती. पुढच्या दशकांचा हिशोब असा: दर दहा हजार बाळंतपणांत संस्थेकडे ९.१ मातामृत्यू, देशभरात ३४. बहुतेक बाळंतपणे घरी, गरिबांची, आणि नर्सच्या हातून झालेली.

या गौरवात एक डाग आहे, तो झाकू नये. ब्रेकिनरिजबाईंनी कृष्णवर्णीय नर्सना आपल्या संस्थेत काम दिले नाही. डोंगरातल्या जुन्या सुईणींचे ज्ञानही मागे पडत गेले.

१९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश नर्स मायदेशी परतू लागल्या. माणसे कमी पडली म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात हायडनला मिडवायफरीची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी दोनच. १९६५ च्या मे महिन्यात ब्रेकिनरिजबाई वेंडोव्हरला वारल्या. त्याच वर्षी कोलोराडोत नर्स लोरेटा फोर्ड आणि डॉक्टर हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. जादा शिक्षण घेऊन तपासणी, निदान आणि उपचार करणारी नर्स तिथे घडू लागली. हायडनच्या बायका हे काम चाळीस वर्षे करतच होत्या, त्यांना नाव आत्ता मिळाले. १९७० मध्ये फ्रंटियरने कुटुंबासाठीच्या नर्स प्रॅक्टिशनरचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला.

नाव मिळाले तसा कायदाही आला. १९७१ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि नर्स-मिडवाइफच्या राष्ट्रीय संघटनांनी संयुक्त निवेदन काढले: नर्स-मिडवाइफने डॉक्टरच्या नेतृत्वाखालच्या चमूत काम करावे. राज्याराज्यांनी आपापले नियम केले. कुठे देखरेख, कुठे लेखी करार, कुठे काहीच नाही.

केंटकीचा १९९६ चा नियम नीट पाहण्यासारखा आहे. नर्स-मिडवाइफ बाळंतपण करू शकते, नर्स प्रॅक्टिशनर तपासू शकते, निदान करू शकते. औषधाची चिठ्ठी लिहायची असेल मात्र राज्याचा परवाना असलेल्या डॉक्टरशी लेखी सहकार्य करार हवा. २००६ मध्ये नियंत्रित औषधांसाठी वेगळा करार आला, आणि त्यातल्या सर्वात कडक यादीतली औषधे ७२ तासांपुरतीच लिहायची मुभा मिळाली.

डॉक्टरांच्या संघटना या करारांच्या बाजूने जे म्हणतात ते ऐकून घ्यायला हवे. डॉक्टरचे शिक्षण जास्त वर्षांचे असते. गुंतागुंत कधी उद्भवेल सांगता येत नाही, आणि कोणीतरी अनुभवी माणूस बांधील असावा. हे खरेच आहे. प्रश्न इतकाच की सही केलेला डॉक्टर खरोखर बांधील असतो का. करारात रुग्ण पाहण्याची अट नसे, महिन्यातून एकदा तरी बोलण्याची अट नसे. काही नर्सना त्या सहीसाठी दरमहा पैसे मोजावे लागत. डॉक्टर निवृत्त झाला, दुसऱ्या गावी गेला किंवा वारला की करार संपे. दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत तिचे रुग्ण रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कुठे जाणार? ज्या खेड्यांसाठी ही नर्स घडवली, तिथेच डॉक्टर मिळणे सर्वात कठीण.

न्यूयॉर्कने हा धोका एका झटक्यात पाहिला. तिथे मिडवाइफला डॉक्टर किंवा रुग्णालयाशी लेखी करार सक्तीचा होता. शहरात घरी बाळंतपण करणाऱ्या मिडवाइफना सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयाचा आधार होता, ते ३० एप्रिल २०१० ला बंद पडले. चांगल्या शिकलेल्या, परवानाधारक बायका एका दिवसात बेकायदा ठरू लागल्या, आणि त्यांच्याकडे नाव घातलेल्या गर्भवतींचे दिवस भरत आले होते. विधिमंडळाने त्याच उन्हाळ्यात लेखी कराराची अट काढून टाकली. मिडवाइफने डॉक्टर आणि रुग्णालयाशी संबंध ठेवावेत, सल्ला घ्यावा, वेळेवर पाठवणी करावी, हे कर्तव्य कायम राहिले. पुढच्या वर्षी त्याच दोन राष्ट्रीय संघटनांनी नवे निवेदन काढले. चाळीस वर्षांपूर्वीचे डॉक्टरचे नेतृत्व त्यातून गेले होते. दोघेही आपापल्या क्षेत्रातले तज्ज्ञ, दोघेही स्वतंत्र परवानाधारक, असे त्यात म्हटले होते.

केंटकीने २०१४ मध्ये मधली वाट धरली. चार वर्षे कराराखाली काम केलेल्या नर्सला साध्या औषधांसाठी पुढे करार लागत नाही. २०२३ मध्ये नियंत्रित औषधांनाही चार वर्षांची तशीच वाट मोकळी झाली. चार वर्षांचा हा उमेदवारीचा काळ मला पटतो, कारण नव्या माणसाला वडीलधारा हवाच असतो. पण त्या चार वर्षांत सही करणाऱ्याने काय करायचे, हे मेडिकल रूटीन्सइतके स्पष्ट लिहिलेले मला कुठल्या करारात दिसत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे फार परके वाटू नये. २०१० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी उपकेंद्रातल्या एएनएमला मुभा दिली: गर्भवतीला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस तिने द्यावा आणि मग पुढे पाठवावे. गावातल्या नर्सबाईच्या हातातला तो डोस खुर्जीतल्या पुस्तिकेच्याच जातीचा आहे. २०१८ मध्ये आपण अठरा महिन्यांच्या शिक्षणाची नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ घडवायचे ठरवले, २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. तिच्या पाठीशी कोणता डॉक्टर, किती अंतरावर, कोणत्या फोनवर, हे आपल्याला अजून नियमांत उतरवायचे आहे.

फ्रंटियरची शाळा १९८९ पासून दूरशिक्षणाकडे वळली. विद्यार्थिनी आपल्या गावीच राहून, तिथल्या अनुभवी नर्स किंवा डॉक्टरच्या हाताखाली काम शिकू लागल्या. २०११ मध्ये शाळेचे फ्रंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी झाले आणि हायडनचे रुग्णालय दुसऱ्या संस्थेकडे गेले. पुढे विद्यापीठाने व्हर्सेल्स गावी आवार घेतले. विद्यार्थिनी तिथे थोड्या दिवसांसाठी येतात, एकमेकींना भेटतात आणि घरी परततात. पदवी घेऊन केंटकीतच काम करू पाहणारी मुलगी परवाना हातात आल्यावर सर्वात आधी डॉक्टर शोधू लागते. करारावर सह्या होतात, नर्सिंग बोर्डाला कळवले जाते, आणि तिची पहिली चार वर्षे सुरू होतात.