फुकट आणि मुक्त

परवा शुक्रवारी रात्री साडेदहाला ऑफिसात बसून मी एक चूक शोधत होतो. चूक माझीच होती. दुपारी एका सहकाऱ्याची आणि माझी फाईल शेजारी शेजारी उघडून मर्ज केली होती. त्याच्याकडे चार ओळी जास्त दिसल्या. मला वाटलं, ह्या मी आधीच काढल्यात, म्हणजे जुन्या असणार. उडवल्या. त्या त्याने सकाळीच घातल्या होत्या! रात्री टेस्ट कोसळल्या तेव्हा कळलं.

लीड म्हणाला, "सोमवारपर्यंत सगळ्या टीमसाठी एकच मर्ज टूल ठरव. बजेट शून्य." आणि एका कंपनीची ऑफर पुढे केली: त्यांचं देखणं टूल, एक वर्ष मोफत. झालं, शनिवार त्यातच गेला.

तर मंडळी, या सगळ्याचं मूळ बेल लॅब्समध्ये आहे. डग्लस मॅकिलरॉय यांचा 'डिफ' १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. त्यामागची पद्धत हंट आणि मॅकिलरॉय यांनी १९७६ मध्ये मांडली. कल्पना साधी आहे. दोन्ही फाईलींत त्याच क्रमाने येणाऱ्या सामाईक ओळींची सगळ्यात लांब साखळी शोधायची. उरलेल्या ओळी एक तर काढलेल्या, नाहीतर घातलेल्या.

पण काढलेल्या की घातलेल्या, हे दोनच फाईली बघून कळत नाही. मी नेमका तिथेच आपटलो. त्यासाठी तिसरी फाईल लागते, जिच्यापासून दोघांनी सुरुवात केली ती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत 'डिफ३' होतंच. म्हणजे माझ्या शुक्रवारच्या चुकीवरचा उपाय माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा!

१९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहिलं. आता पूर्ण फाईल पाठवायची गरज उरली नाही, नुसता फरक पाठवला की झालं. लिनक्स कर्नल कित्येक वर्षं असाच ईमेलमधून आलेल्या पॅचवर वाढला.

पुढे काम डोईजड झालं. २००२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नलसाठी 'बिटकीपर' घेतलं. उत्तम टूल, कर्नलवाल्यांना फुकट. पण मालकी कंपनीची, आणि फुकट वापरणाऱ्याने स्पर्धक टूल बनवायचं नाही अशी अटही होती. साम्बावाले अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, त्यावरून वाजलं, आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट आवृत्ती बंद झाल्याचं जाहीर झालं. एवढा मोठा प्रकल्प एकदम उघड्यावर!

लिनस यांनी त्याच एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. जूनमधला २.६.१२ हा कर्नल गिटवरच तयार झाला. बिटकीपर २०१६ मध्ये मुक्त झालं, पण तोवर गाडी केव्हाच सुटली होती.

आपल्या डोक्यात फुकट आणि मुक्त यांचा घोळ असतो. फुकट म्हणजे कुणीतरी दिलेलं, त्यामुळे परतही मागता येणारं. मुक्त म्हणजे देणारा निघून गेला तरी आपल्याकडे राहणारं. केडिफ३ चंच बघा. मूळ लेखक योआखिम आयबल यांच्यानंतर केडीईच्या लोकांनी ते पुढे चालू ठेवलं. सोर्स आणि परवाना हाताशी होता म्हणून जमलं.

विनमर्ज, मेल्ड आणि केडिफ३, तिन्ही जीपीएल परवान्याखाली आहेत. विनमर्ज विंडोजपुरतं, आणि आमची अर्धी टीम लिनक्सवर. मेल्ड दिसायला सुटसुटीत. केडिफ३ थोडं जुनाट दिसतं, पण मूळ, त्याची आणि माझी अशा तिन्ही फाईली वर, आणि खाली निकाल. मी केडिफ३ निवडलं. शिवाय गिटमध्ये मर्जची कॉन्फ्लिक्ट स्टाइल 'डिफ३' केली, म्हणजे भांडणाच्या जागी मूळ ओळीही दिसतात. दिसण्यावर काय जायचं?

त्या एक वर्षाच्या ऑफरला नाही म्हणताना जरा जीवावर आलं, टूल खरंच छान होतं. पण पुढच्या वर्षी सगळ्या टीमची सवय मोडण्यापेक्षा आताच नाही म्हटलेलं बरं.

असो. उद्या सोमवार. त्या चार ओळींबद्दल सहकाऱ्याला चहा पाजायचा आहे.