मुंग्या आणि शेरखान

१९९३. रविवारची सकाळ. मंगरूळपीर अजून अकोला जिल्ह्यातच आहे, वाशीम जिल्हा व्हायला पाच वर्षं बाकी. तू नऊ वर्षांचा. शेजारच्या काकूंच्या दारात चपलांचा ढीग पडलाय आणि आत पोरं मांडीला मांडी लावून बसलीत. टिनावर चढलेला एकजण आंटिना फिरवतोय.

"दिसू रायलं काय बे?"

"नाई, मुंग्याच येऊ रायल्या!"

मग एकदम चित्र लागतं. गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांची चाल, आणि त्यावर अख्ख्या खोलीचा बेसूर कोरस. मोगली येतो, बल्लू येतो. गवत हलतं. शेरखान.

भीती त्याच्या डरकाळीची नाही, बोलण्याची वाटते. शब्द दातांत धरून ठेवायचा आणि मग फेकायचा. पुढचं बारकं पोरगं सरकत सरकत तुझ्या मांडीवर येतं.

"अबे, हा तं नाना हाये!" मोठा भाऊ ओरडतो. त्यानं व्हीसीआरवर 'तिरंगा' पाहिलाय.

नाना पाटेकरच. मुरुड-जंजिऱ्याचा. ही 'जंगल बुक' मालिका जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९-९० मध्ये ५२ भागांत केलेली, हे मात्र भावालाही ठाऊक नाही. गंमत बघ, किपलिंगच्या मोगलीची वैनगंगा आपल्याच विदर्भातून वाहते. गोष्ट इंग्रजीतून टोकियोला गेली, हिंदी होऊन घरी परतली आणि वाघाला आवाज मिळाला कोकणातल्या माणसाचा!

जपानी कार्टूनमधलं तोंड दोन-तीन चित्रांतच उघडमीट करतं. चेहरा फारसा काही सांगत नाही, सगळा भार आवाजावर. डबिंग करणाऱ्याला हेडफोन लावून पडद्यावरच्या ओठांमागे पळावं लागतं. नाना पळतोय असं कुठंच वाटत नाही. मला तर वाटतं, वाघच त्याच्यासाठी थांबतो.

डोळे मिट. उघड. २०१६, अकोल्यातलं थिएटर. शेजारी तुझी लेक. डिस्नेचा 'जंगल बुक', हिंदीत. बल्लूला इरफान खान, बगीराला ओम पुरी. वाघाची मिशीन् मिशी संगणकानं काढलेली. तो तोंड उघडतो आणि आवाज तोच, आता पासष्टीचा, थोडा खरखरीत.

तू पुन्हा डोळे मिटतोस. टिनावर पावलं वाजतात.

"बाबा, झोपले काय?"

"नाई वं. ऐकू रायलो."