अकरा अक्षरं

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या मजल्यावर सगळेजण एकच काम करत असतात. वीकली स्टेटस रिपोर्ट. हिरवा, पिवळा, लाल यातला एक रंग निवडायचा, खाली तीन ओळी खरडायच्या आणि बस पकडायला पळायचं. सहा वर्षं झाली, म्हणजे तीनेकशे रिपोर्ट तरी झाले असतील. त्यातला एकही आठवत नाही.

त्यामुळे दर आठवड्याचा रिपोर्ट हाच जिथे अभ्यास होता, अशा एका कोर्सबद्दल वाचलं तेव्हा कान टवकारले. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला मेरी वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तिथला हा 'डिजिटल स्टोरीटेलिंग' कोर्स. नंबर १०६, आणि गंमत म्हणजे खातं कॉम्प्युटर सायन्सचं! जिम ग्रूम या शिक्षकाने तो जानेवारी २०११ मध्ये ऑनलाइन सगळ्या जगाला खुला केला आणि 'डीएस१०६' हे नाव पसरलं. विद्यार्थ्याने स्वतःचं डोमेन घ्यायचं, सर्व्हर स्वतः सांभाळायचा आणि चित्र, आवाज, व्हिडिओ असं जे काही केलं ते तिथेच ठेवायचं. आठवड्याच्या शेवटी सगळ्याचा आढावा लिहायचा. काय केलं, का केलं, कुठे अडलो. अडलेलं लपवायचं नाही. (हे आमच्याकडे लिहिलं तर सोमवारी मीटिंग लागेल.) जानेवारी २०१२ पासून त्यात रोजचा एक छोटा उद्योगही आला, पंधरावीस मिनिटांत उरकणारा. असो.

या मंडळींचं सगळ्यात लाडकं खेळणं म्हणजे जिफ. आवडत्या सिनेमातला कळीचा क्षण चार-सहा चौकटींत पकडायचा आणि तो फिरत ठेवायचा, असा गृहपाठच होता. म्हटलं आपणही करून बघू. आणि सवयीप्रमाणे, केलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून बसलो.

सुरुवातीला सहा अक्षरं दिसली, 'जीआयएफ८९ए'. हे अपेक्षित होतं. जिफ हा कॉम्प्युसर्व्ह कंपनीचा फॉरमॅट. स्टीव्ह विल्हाइटच्या टीमने तो १९८७ मध्ये काढला. मोडेमच्या जमान्यात फाइल लहान असावी म्हणून रंग जास्तीत जास्त २५६. दोन चित्रांमध्ये किती थांबायचं, हे लिहायची सोय १९८९ च्या आवृत्तीत आली. पण चित्रं संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, हे सांगायची सोय त्यातही नव्हती! म्हणजे अ‍ॅनिमेशन एकदा धावायचं आणि शेवटच्या चौकटीवर गप्प उभं राहायचं.

थोडं खाली सरकलो तर साध्या रोमन लिपीत अकरा अक्षरं: 'नेटस्केप२.०'. च्यायला, हे इथे काय करतंय?

तर झालं असं. ८९ च्या आवृत्तीत कुठल्याही प्रोग्रॅमला स्वतःची माहिती भरता यावी म्हणून एक रिकामा कप्पा ठेवला होता. नावाला आठ अक्षरं, पुढे तीन. १९९५-९६ च्या सुमारास नेटस्केप ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने त्यात आपलं नाव घातलं आणि पुढे एक आकडा ठेवला, किती वेळा फिरायचं त्याचा. शून्य म्हणजे थांबूच नका. मग इतर ब्राउझरनीही तेच उचललं. १ मार्च २००८ ला नेटस्केपचा सपोर्ट बंद झाला, दुकान मिटलं. पण आज व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणी नाचणाऱ्या मांजरीची अस्सल जिफ फाइल पाठवली तरी तिच्या पोटात हीच अकरा अक्षरं सापडतील.

माझ्या त्या फाइलमधला 'सिनेमा' मात्र तीन सेकंदांचा आहे. जुन्या फोनमधली क्लिप. आजी ओट्यापाशी खाली बसून सुपात तांदूळ पाखडतेय, तांदूळ उडतात, परत सुपात पडतात, ती मान वर करते. आजीला जाऊन चार वर्षं झाली. आधी मी आकडा एक ठेवला होता. ती मान वर करायची आणि तशीच थांबायची. ते बघवेना, म्हणून शून्य केला.

रविवारी आईला दाखवलं. तिने फोन हातात घेतला, बराच वेळ बघत बसली. मग कानाला लावला.

"आवाज कुठंय रे? सुपाचा आवाज येत नाहीये."

जिफला आवाज नसतो हे तिला सांगितलं, आणि मूळ क्लिप शोधायला जुना फोन चार्जिंगला लावला.